रोहिणीचे पाणी, मुळेचे पाणी

पृथ्वीवरील एकूण पाण्यापैकी गोडे पाणी सुमारे २.५ टक्केच आहे, आणि त्यातीलही बहुतांश बर्फाच्या रूपात आहे. म्हणूनच जगात पाण्यावरून तंटे होतात, असे म्हटले जाते. परंतु टंचाई हे तंट्याचे एकमेव कारण नव्हे. वाटप ठरविताना कोणाला विचारले जाते, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे.

आपला मुळशी तालुका मुसळधार पावसाचा. येथे मुळा-निळा संगमाजवळ टाटा कंपनीने विजेसाठी धरण बांधावयास घेतले, तेव्हा मुळशी पेट्यातील अनेक गावांची भातखाचरे बुडणार होती. मावळ्यांची संमती कोणी घेतली नाही. १६ एप्रिल १९२१ रोजी सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. १९२४ पर्यंत लढा ओसरला आणि धरण उभे राहिले. भीमेच्या खोऱ्यात वाहून जाणारे पाणी कोकणातील भिरा वीजगृहात उतरून कुंडलिकेला मिळू लागले. आज पुणे परिसर ते पाणी मागतो, तर रोह्याकडील गावे व कारखाने कुंडलिकेवर विसंबून आहेत.

महाडच्या चवदार तळ्यातही पाणी होते. नव्हता तो अस्पृश्य मानलेल्यांचा हक्क. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तो बजावला.

त्याच बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेला शाक्य-कोलियांचा तंटा सिद्धार्थाच्या गृहत्यागामागे ठेवला आहे. शाक्य संघात युद्धाचा प्रस्ताव आला तेव्हा सिद्धार्थाने सुचविले : दोन्ही बाजूंनी प्रत्येकी दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाचांनी निवाडा करावा. संघाने ही सूचना बहुमताने फेटाळली.

या सूचनेत बलवान व दुर्बळ यांना समान आसन आहे. मुळशीत १९२१ साली नेमके तेच नव्हते. आमचे माजी विद्यार्थी आज ग्रामसभांत, कचेऱ्यांत, अभियंत्यांच्या टेबलांशी बसतात. पाण्याचा कोणताही आराखडा समोर आला की, किती पाणी, किती खर्च, याआधी त्यांनी एक प्रश्न विचारावा, अशी आमची अपेक्षा आहे : ज्यांची जमीन वा तहान पणाला लागली आहे, त्यांच्या बाजूचे दोघे या बैठकीत आहेत काय?