विषयपत्रिकेवाचून परिषद

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची सुरुवात केली, आणि पुढे तिच्या धर्तीवर महाराष्ट्रात गावोगावी व्याख्यानमाला निघाल्या. त्यांचा साचा आपल्या अंगवळणी पडला आहे. एक अध्यक्ष, एक वक्ता, समोर शेदीडशे श्रोते आणि शेवटी आभारप्रदर्शन. या साच्यात दोष आहे असे नव्हे; ज्याने एखाद्या विषयाचा पंचवीस वर्षे व्यासंग केला, त्याला तास-दीड तास ऐकावयास मिळणे हा लाभच होय. परंतु त्याच श्रोत्यांत विहिरी बांधणारा गवंडी बसलेला असतो, परिचारिका असते, घरचे बियाणे राखणारी बाई असते. त्यांना जे ठाऊक आहे त्याला या साच्यात जागा नाही. प्रश्नोत्तरांसाठी ठेवलेली दहा मिनिटे बहुधा अध्यक्षांच्या समारोपातच खर्ची पडतात. या मंडळींना जागा करून देणारा परिषदेचा एक प्रकार गेली चाळीस वर्षे जगात रूढ आहे; त्याची ओळख आम्ही येथे करून देणार आहोत.

हॅरिसन ओवेन या अमेरिकन गृहस्थांनी १९८३ साली सुमारे अडीचशे प्रतिनिधींची एक आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. तिच्या तयारीत त्यांचे एक वर्ष गेले. परिषद संपल्यावर सर्वांचे एकमत झाले ते एवढ्यावरच, की मधल्या कॉफीच्या सुट्या सर्वांत उत्तम झाल्या! ओवेन यांनी हे मनावर घेतले. लायबेरियातील बालामा या खेड्यात मुलांना प्रौढांत सामावून घेण्याचा चार दिवसांचा सोहळा त्यांनी पूर्वी पाहिला होता. त्याला ना व्यवस्थापक समिती होती, ना छापील कार्यक्रम. गावाच्या मधोमध मोकळी जागा होती आणि लोक होते. १९८५ साली कॅलिफोर्नियात माँटेरे येथे त्यांनी ८५ माणसे वर्तुळात बसवली आणि कार्यक्रम त्यांच्यावरच सोपवला. पहिल्या काही तासांतच तीन दिवसांची विषयपत्रिका तयार झाली. या पद्धतीला 'ओपन स्पेस' असे नाव पडले. पुढे २००५ च्या ऑगस्टमध्ये पालो आल्टो येथे संगणकाच्या क्षेत्रातील तरुणांनी आठवड्याभराच्या तयारीवर 'बारकॅम्प' भरवला. त्यात पहिल्यांदा येणाऱ्याने काही तरी सादर केलेच पाहिजे असा दंडक होता. ती लाट थोड्याच काळात पुण्या-मुंबईसही पोहोचली.

आता प्रत्यक्ष व्यवस्था पाहू. निमंत्रणात वक्त्यांची नावे नसतात; एक प्रश्न असतो. 'तालुक्यातील पाणी' असा शाळेच्या निबंधासारखा मथळा देऊन काम भागत नाही. 'येत्या उन्हाळ्यात टँकरवाचून राहण्यासाठी आपण काय करू शकतो?' असे विचारले, म्हणजे ज्याला त्याची तळमळ आहे तोच येतो. साठ माणसे धरली, तर प्रत्येकी दोन फुटांच्या हिशेबाने एका वर्तुळासाठी सुमारे अडतीस फूट व्यासाची जागा लागते. शाळेचे सभागृह तेवढे नसेल तर एकाआड एक दोन वर्तुळे करावीत. व्यासपीठ, हार, नारळ यांना फाटा द्यावा; खुर्च्या मिळाल्यास सर्वांना, नाही तर सर्वांना सतरंजी. अध्यक्षांना तेवढी खुर्ची दिली की निम्मा खेळ तेथेच संपला.

मधोमध कागद आणि जाड लेखण्या ठेवलेल्या असतात. ज्याला विषय मांडावयाचा असेल त्याने उठावे, कागदावर विषय व स्वतःचे नाव लिहावे, मोठ्याने वाचावे आणि भिंतीवर आखलेल्या वेळापत्रकात तो कागद डकवावा. पाच खोल्या आणि तासातासाचे चार फेरे असतील तर वीस बैठकी होतात. म्हणजे एकेका बैठकीस सरासरी बारा माणसे येतात. बारा माणसांत बुजरा माणूसही बोलतो. सुरुवातीला दोन-तीन मिनिटे कोणीच उठत नाही. ती शांतता यजमानांस असह्य होते आणि ते स्वतःच विषय सुचवू लागतात. असे कटाक्षाने टाळावे. एकदा पहिला मनुष्य उठला की मागोमाग रांग लागते.

ओवेन यांचा नियम एकच, आणि तो दोन पायांचा. जेथे आपण शिकतही नाही आणि शिकवतही नाही, तेथून उठून दुसऱ्या बैठकीस जावे. आपल्याकडे बोलणाऱ्यासमोरून उठणे हा अपमान समजतात. म्हणून हा नियम आरंभीच स्पष्ट सांगावा लागतो, आणि शक्य तर गावातल्या मान्यवरानेच प्रथम उठून दाखवावे.

या पद्धतीचे भक्त म्हणतात, वर्तुळात सगळे समान. आम्हांस हे मान्य नाही. जो फ्रीमन या अमेरिकन विदुषीने १९७० साली स्त्रियांच्या संघटनांविषयी दाखवून दिले की, जेथे उघड रचना नसते तेथे छुपी रचना माजते. नियम ठाऊक असलेली चार माणसे राज्य करतात. आपल्याकडे तर वर्तुळात बसण्यापूर्वीच जात, वय, बाईपण आणि सरपंचाचा आवाज येऊन बसलेले असतात. म्हणून बायकांना, मजुरांना आधी घरी जाऊन निमंत्रण द्यावे, बैठकीची वेळ त्यांच्या सोयीची ठेवावी, लिहिता न येणाऱ्याचा कागद लिहून देण्यास माणूस नेमावा. कार्यक्रम मोकळा ठेवावयाचा, तर तयारी अधिकच काटेकोर लागते.

दुसरी गोष्ट निर्णयाची. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने अभ्यासगट आणि ग्रामसभा वेगळ्या ठेवल्या. अभ्यासगटात चर्चा करून समजून घ्यावयाचे. ठरवावयाचे ते ग्रामसभेत, सर्वसहमतीने. त्या गावास २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाले, त्यामागे हा अभ्यासाचा सराव होता. खुल्या परिषदेनेही आपले काम अभ्यासगटाचे समजावे. उलट, धरणाची जागा अगोदरच मुक्रर झाली असेल आणि लोकांना नुसते बोलून घ्यावयास बोलावले असेल, तर अशी परिषद भरवूच नये. ती लोकांची फसवणूक होय, आणि पुढच्या खेपेस ते येत नाहीत.

राहता राहिले टिपण. प्रत्येक विषय मांडणाऱ्याने आपल्या बैठकीचे एक पानभर टिपण त्याच दिवशी द्यावे: कोण होते, काय निघाले, पुढे कोण काय करणार. दुसऱ्या दिवसावर ठेवलेले टिपण येत नाही. सायंकाळी पुन्हा वर्तुळात बसून प्रत्येकाने दोन वाक्ये बोलावीत, आणि वीस पानांच्या प्रती काढून एक गावच्या वाचनालयात व एक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावी.