मुद्रितावरचे शेरे जपायचे कसे?

विशेष प्रतिनिधी

पुस्तकाची वा दिवाळी अंकाची मुद्रिते तपासताना पूर्वी लाल शाई आणि समासातल्या खुणा पुरत. कोणी कोणती दुरुस्ती सुचवली, हे त्या कागदावरच राहत असे. आता हे काम संगणकाच्या पडद्यावर होते आणि शेरे ऑनलाइन सेवेच्या सर्व्हरवर साठतात. खाते बंद झाले किंवा फाइल चुकून पुसली गेली, तर शेऱ्यांसह पुरावाही नाहीसा होतो. म्हणूनच ते वेळीच बाहेर काढून ठेवणे, म्हणजे 'एक्स्पोर्ट' करणे, आवश्यक ठरते.

गुगल डॉक्समधील दस्तऐवज वर्डच्या 'डॉक्स' स्वरूपात उतरवला, की शेरे सोबत येतात आणि सुचवण्या 'ट्रॅक चेंजेस'च्या रूपात दिसतात. 'डॉक्स' फाइल ही प्रत्यक्षात एक झिप गठडी असते. तिच्यात शेऱ्यांची स्वतंत्र फाइल असून शेरा देणाऱ्याचे नावही तेथे नोंदलेले असते. पीडीएफ उतरवताना मात्र शेरे येतीलच, असे गृहीत धरू नये.

मुद्रित मुळातच पीडीएफ असेल, तर अॅक्रोबॅटमध्ये दोन मार्ग आहेत. पहिला, शेरे 'एफडीएफ' किंवा 'एक्सएफडीएफ' या छोट्या फाइलीत काढणे. या फाइलीत मूळ मजकूर नसतो. प्रत्येक शेऱ्याचा पृष्ठक्रमांक आणि पानावरील जागा तेवढी असते. त्यामुळे ज्या पीडीएफवर शेरे दिले, तीच प्रत जपावी लागते. मध्ये एखादे पान वाढले, तर शेरे भलत्याच ओळीवर जाऊन बसतात. दुसरा मार्ग शेऱ्यांचा गोषवारा काढण्याचा. तो वाचायला व छापायला सोयीचा; पण त्यातून शेरे पुन्हा मूळ पानांवर चढवता येत नाहीत. शक्यतो दोन्ही प्रती ठेवाव्यात.

मराठीची अडचण

काही सेवा शेऱ्यांची यादी 'सीएसव्ही' स्वरूपात देतात. ती एक्सेलमध्ये थेट उघडल्यास देवनागरीऐवजी निरर्थक चिन्हे दिसू शकतात. अशा वेळी शेरे नष्ट झालेले नसतात. फाइल आयात करताना 'यूटीएफ-८' हा पर्याय निवडावा. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळवलेल्या पानांचा प्रश्न अधिक अवघड आहे. डोळ्यांना मराठी दिसते. पण आत संकेत वेगळेच असतात. पानावर अधोरेखित केलेला शब्द यादीत रोमन अक्षरांचा गोंधळ होऊन उतरतो. यावर उपाय एकच. चुकलेला शब्द आणि त्याचे शुद्ध रूप, दोन्ही शेऱ्यातच युनिकोडमध्ये लिहावे.

शेरे काढण्याची योग्य वेळ म्हणजे दुरुस्त्या स्वीकारण्यापूर्वी, प्रत्येक फेरीच्या अखेरीस. फाइलीच्या नावात तारीख व फेरीचा क्रमांक घालावा. ती पुन्हा उघडून शेऱ्यांची संख्या मूळ संख्येशी ताडून पाहावी. अंक छापून आल्यावर चूक मुद्रितशोधकाने दाखवली नव्हती की दाखवूनही ती राहिली, हा वाद हमखास उद्भवतो. तेव्हा या एका फाइलीवर कुणाचे तरी नाव आणि मेहनताना अवलंबून असतो.