रक्तद्रवातील कर्करोग औषधांचे वर्णलेखनाद्वारे मापन

रसायनोपचारात दिलेल्या औषधाचे रुग्णाच्या रक्तद्रवातील (प्लाझ्मातील) प्रमाण वर्णलेखन (क्रोमॅटोग्राफी) या पृथक्करण तंत्राने मोजले जाते. औषधाची मात्रा बहुधा शरीराच्या पृष्ठफळावरून ठरते. मात्र मूत्रपिंड व यकृत यांच्या कार्यक्षमतेनुसार सारख्याच मात्रेनंतर दोन रुग्णांच्या रक्तातील प्रमाण बरेच वेगळे असू शकते.

मेथोट्रेक्सेटच्या बाबतीत हे मापन जीवनरक्षक ठरते. हे औषध फोलिक आम्लाचे कार्य रोखते. (या आम्लाच्या शोधाची पायवाट मुंबईतून जाते: गर्भवती स्त्रियांच्या एका प्रकारच्या रक्तक्षयावर यीस्टचा अर्क गुणकारी असल्याचे ल्यूसी विल्स यांनी येथील संशोधनातून १९३१ मध्ये मांडले.) ऑस्टिओसार्कोमा या हाडाच्या कर्करोगात मेथोट्रेक्सेट दर चौरस मीटर पृष्ठफळामागे १२ ग्रॅमपर्यंत देतात. त्यानंतर निरोगी पेशी वाचवण्यासाठी ल्युकोव्होरिन दिले जाते. ते किती द्यावे व केव्हा थांबवावे, हे साधारणतः २४, ४८ व ७२ तासांच्या नमुन्यांवरून ठरते. म्हणून नमुना घेतल्याची नेमकी वेळ नोंदवणे अत्यावश्यक असते. ज्या नळीतून औषध दिले तिच्यातूनच रक्त घेतल्यास प्रमाण खोटेच जास्त दिसू शकते.

पद्धत

रक्त अपकेंद्री यंत्रात फिरवल्यावर पेशी तळाशी बसतात व वर रक्तद्रव राहतो. त्यात ॲसिटोनायट्राइलसारखा द्रावक मिसळून प्रथिने साक्याच्या रूपात वेगळी करतात. उरलेला स्वच्छ द्रव उच्च दाबाखाली सूक्ष्म कणांनी भरलेल्या स्तंभातून सोडला जातो. प्रत्येक घटक कणांना कमी-अधिक चिकटतो, त्यामुळे निरनिराळ्या वेळी बाहेर पडतो. अतिनील प्रकाशाच्या शोषणावरून किंवा वस्तुमान वर्णपटमापकाने त्याची नोंद होते. आलेखावरील शिखराचे क्षेत्रफळ ज्ञात प्रमाणाच्या नमुन्यांशी ताडून औषधाचे प्रमाण काढतात.

अनेक रुग्णालयांत प्रतिपिंडांवर आधारलेली, अधिक झटपट चाचणी वापरतात. तिची मर्यादा ग्लुकार्पिडेज दिल्यावर उघड होते. मूत्रपिंडे निकामी होऊ लागल्यास दिले जाणारे हे विकर मेथोट्रेक्सेटचे विघटन करते. परंतु त्यातून उरलेला तुकडा प्रतिपिंडांना मूळ औषधासारखाच वाटतो, आणि उतरलेले प्रमाणही चढलेले दिसते. वर्णलेखनात ही दोन्ही शिखरे वेगळी उमटतात.

महाराष्ट्रात टाटा स्मारक केंद्राच्या खारघर (नवी मुंबई) येथील ॲक्ट्रेक या संस्थेत कर्करोग औषधांच्या रक्तातील प्रमाणाचा अभ्यास चालतो. नमुना दूर पाठवताना औषधागणिक काळजी बदलते: मेथोट्रेक्सेटचा नमुना प्रकाशापासून जपावा लागतो, तर ५-फ्लुरोयुरासिलचा तत्काळ बर्फात ठेवावा लागतो, कारण रक्तपेशींतील विकर नळीतही त्याचे विघटन करीत राहते.