पाय टेकवायचा नाही!

युरोपला चाललोय म्हटलं की ऑफिसात पहिला प्रश्न येतो, ‘स्वित्झर्लंड करताय ना?’ आम्ही सांगितलं, फ्रान्सला जाणार, एका घाटाच्या पायथ्याशी राहणार, सायकलनं वर जाणार आणि परत खाली येणार. समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. ‘म्हणजे सिंहगडच की! मग एवढं विमानाचं तिकीट कशाला?’

प्रश्न चोख होता. तेव्हा तरी माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तर हा घाट म्हणजे आल्प द्युएझ. ग्रेनोबल शहरापासून साधारण पन्नास किलोमीटरवर, रोमांश नदीच्या खोऱ्यात बूर-द्वाझाँ नावाचं टुमदार गाव आहे. समुद्रसपाटीपासून उंची सव्वासातशे मीटरच्या आसपास. गावाबाहेर पडलं की रस्ता एकदम डोंगराच्या अंगावर जातो आणि २१ हेअरपिन वळणं घेत १३.८ किलोमीटरनंतर १८५० मीटरवरच्या स्की रिसॉर्टमध्ये पोचतो. सरासरी चढ ८.१ टक्के. म्हणजे शंभर मीटर पुढे गेलात की आठ मीटर वर. आपल्या कळसूबाईच्या टोकापेक्षा हे गाव दोनशे मीटर उंच आहे. एकूण चढाई साधारण ११०० मीटर. पुणेकरांच्या भाषेत सांगायचं तर एकावर एक असे जवळजवळ दोन सिंहगड, आणि मध्ये पिठलं-भाकरी नाही.

याहून उंच, याहून लांब घाट आल्प्समध्ये ढिगानं आहेत. पण ग्लॅमर याचंच. १९५२ साली तूर द फ्रान्सची एक स्टेज पहिल्यांदा डोंगरमाथ्यावर संपली ती इथे, आणि जिंकला इटलीचा फाउस्तो कॉप्पी. मग चोवीस वर्षं रेस इकडे फिरकलीच नाही. १९७६ला परत आली आणि मग डच लोकांनी धुमाकूळ घातला. १९७६ ते १९८९ या काळात त्यांनी इथे आठ वेळा बाजी मारली. ज्यांच्या देशात धड टेकडी नाही, त्यांचा हा लाडका डोंगर! १९८६ मध्ये बर्नार इनो आणि ग्रेग लेमाँड हे एकाच टीममधले हाडवैरी इथे हातात हात घालून फिनिश लाइनवर आले. मार्को पांतानीनं नव्वदच्या दशकात हा चढ साडेसदतीस मिनिटांच्या आसपास मारला, असं सांगतात. घड्याळ नेमकं कुठून सुरू करायचं यावर आजही वाद आहेत, आणि डोपिंगनं बरबटलेल्या त्या काळातल्या आकड्यांकडे आता कोणी भाबडेपणानं बघतही नाही.

माझ्या डोक्यात मात्र घुसली होती २०२४ची महिलांची तूर. शेवटच्या दिवसाची फिनिश इथेच होती. डेमी व्होलेरिंगनं ती स्टेज जिंकली, पण अख्खी रेस पोलंडच्या कासिया न्येव्यादोमानं मारली. फरक किती? ४ सेकंद! पुरुषांच्या तूरमधला १९८९चा सगळ्यात कमी फरकसुद्धा ८ सेकंदांचा होता. सात दिवस सायकल हाणायची आणि निकाल चार सेकंदांवर. लॅपटॉपवर ते बघताना मी खुर्चीत उभा राहिलो होतो.

आणि गंमत अशी, की लॉर्ड्सच्या पिचवर तुम्हाला कोणी बॅट घेऊन उभं करणार नाही. या रस्त्याला मात्र तिकीट नाही, मेंबरशिप नाही. सायकल घ्या आणि निघा.

दोन पंखे आणि एक ट्यूबलाइट

आता खरं कारण. छत्तिसाव्या वर्षी कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये माझं बीपी १४८/९६ निघालं. बाबांना एकावन्नाव्या वर्षी हार्ट अटॅक येऊन गेलेला, त्यामुळे घरात लगेच शोकसभेचं वातावरण. गोळी सुरू झाली आणि तिच्यामागोमाग सायकल आली. रविवारी पहाटे सिंहगड, कधी पसरणी. आमच्या ग्रुपचा एकच नियम आहे : घाटात पाय टेकवायचा नाही. जो टेकवेल तो सगळ्यांना मिसळ खाऊ घालणार. मी वर्षभर मिसळ खाऊ घालत होतो.

जाण्याआधी ट्रेडमिल टेस्ट करून घेतली. (तुम्हीही करा. तिशी ओलांडली असेल आणि घरात हार्टचा इतिहास असेल तर नक्कीच.) डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला, पण बजावलं, ‘ठोके १६५च्या वर फार वेळ जाऊ द्यायचे नाहीत.’ मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं?

मग इंजिनिअर असल्यामुळे हिशोब केला. मी ७८ किलो, सायकल ९, बाटल्या-बिटल्या २. हे ८९ किलोंचं गाठोडं ११०० मीटर उचलायचं म्हणजे साधारण साडेनऊ लाख ज्यूल. दीड तासात करायचं तर पायातून सतत पावणेदोनशेच्या वर वॅट निघायला हवेत. दोन सीलिंग फॅन आणि एक ट्यूबलाइट दीड तास पायानं चालवायची, असं समजा. एवढं जमत होतं. तासाभरात करायचं तर त्याच्या दीडपट लागणार होते. ते जमणार नव्हतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. बायकोलाही.

ती काही हिशोब करत नाही. तिच्या सायकलवर मीटर नाही, हातात घड्याळ नाही. ‘तू तुझ्या स्पीडनं जा, मी माझ्या. वर भेटू,’ एवढाच तिचा प्लॅन.

सोळावं वळण

सकाळी साडेसातला निघालो. जून-जुलैमध्ये दहानंतर इथलं ऊन चांगलंच चावतं, म्हणून लवकर निघावं. सायकली गावातूनच भाड्यानं घेतल्या होत्या. पुढची लहान चकती ३४ दात्यांची, मागची सगळ्यात मोठी ३२ची. दुकानदार ‘स्पोर्टी’ गिअरिंगची सायकल दाखवायला लागला तर हसून नाही म्हणा आणि मागची चकती मोठीच मागा. कोणता ब्रेक पुढच्या चाकाचा तेही विचारून घ्या. आपल्या सवयीपेक्षा उलटं असू शकतं, आणि उतरताना हे कळणं परवडत नाही.

या घाटाची खोड अशी की तो सुरुवातीलाच मारतो. पहिल्या दोन किलोमीटरमध्ये चढ दहा टक्क्यांच्याही वर जातो. पाय ताजे, हवा गार, अंगात जोश, शेजारून एक गोरा सुळकन पुढे गेलेला. मी त्याच्या मागे लागलो. वळणांना आकडे उलटे दिलेत, खाली २१ आणि वर १. प्रत्येक वळणावर पाटी, पाटीवर उंची आणि इथे जिंकलेल्या रायडरचं नाव. एकवीस, वीस, एकोणीस. भन्नाट वाटत होतं. अठराच्या पुढे घड्याळाकडे बघितलं तर ठोके १७८. सतराला १८३.

खरं सांगतो, पाय दुखत नव्हते. कानात ठोके ऐकू येत होते, आणि डोक्यात एकच चित्र होतं : आयसीयूच्या काचेपलीकडे बाबा. मी तेव्हा कॉलेजात होतो. काचेतून मॉनिटरवरची हिरवी रेघ बघत उभा होतो. आता तीच रेघ माझ्या मनगटावर होती.

सोळाव्या वळणाशी ला गार्द गाव लागतं. तिथे चढ थोडा सैलावतो, म्हणजे नेटानं ढकललं असतं तर निभावलंही असतं. ग्रुपमधले चेहरे डोळ्यांपुढे आले, मिसळ आली, फेसबुकवर टाकायची पोस्टसुद्धा आली. मी पाय टेकवला.

बांधावर बसलो. हात थरथरत होते. चार-पाच मिनिटांनी बायको आली, गप्पा मारत फिरायला निघाल्यासारखी. थांबली नाही. नुसता स्पीड कमी केला.

‘छातीत दुखतंय?’

‘नाही.’

‘हात, जबडा?’

‘नाही गं. ठोके वाढलेत फक्त.’

‘पाणी पी. एकशे वीसच्या खाली आल्याशिवाय उठू नकोस. पुढच्या वळणावर थांबते मी.’

आणि खरंच पंधराव्या वळणावर ती सायकल धरून उभी होती. म्हणजे पाय तिनंही टेकवला, माझ्यासाठी. मी अकरा मिनिटं बसलो. ठोके ११४वर आले तेव्हा उठलो आणि तिला हात केला. तिनं लगेच पेडल मारलं. परत वर जाईपर्यंत दिसली नाही.

तिथून पुढे मी घड्याळाचं ऐकलं. १६० झाले की स्पीड कमी. ताशी सात किलोमीटरनं जाताना चक्क लाज वाटते, एक आजोबा ‘बॉंझूर’ म्हणत पुढे निघून जातात, पण इथेच एक शोध लागला. या घाटाची वळणं स्वतः जवळजवळ सपाट आहेत. चढ आहे तो दोन वळणांच्या मधल्या तुकड्यात. म्हणजे दर पाच-सात मिनिटांनी पाच-सहा सेकंदांची सुट्टी! अशी एकवीस वेळा मिळते. पहिल्या पाच सुट्ट्या मी त्या गोऱ्याच्या नादात वाया घालवल्या होत्या. त्या वेळी श्वास सोडायचा, एक घोट घ्यायचा, आकडा वाचायचा.

सातव्या वळणावर छोटं चर्च आहे. हाच तो फेमस डच कॉर्नर. रेसच्या दिवशी इथे नारिंगी कपड्यांचा समुद्र असतो, मधून सायकलपुरती वाट. आम्ही गेलो तेव्हा तिथे चिटपाखरू नव्हतं, पण डांबरावर जागोजागी रंगानं नावं लिहिलेली होती. डच लोक २००६ पासून दर जूनमध्ये इथे येतात, कॅन्सरसाठी पैसे उभे करायला. एकाच दिवसात सहा-सहा वेळा हा घाट चढतात. म्हणजे रस्त्यावरची काही नावं रायडरची नसणार. ज्यांच्यासाठी कोणी तरी चढलं, त्यांची असणार. मी ती वाचत वाचत गेलो. त्या किलोमीटरभरात घड्याळाकडे बघायचं राहूनच गेलं, आणि नंतर बघितलं तर १५६.

शेवटच्या वळणांच्या आसपास एक फोटोग्राफर दबा धरून असतो. तुमचा हाश्श-हुश्श करतानाचा फोटो काढतो, तुमच्याबरोबर धावतो आणि खिशात कार्ड कोंबतो. विकत घेऊ नका, असं मी सांगणार होतो. आम्ही दोन घेतले.

वर गावात शिरलं की फिनिशची पाटी येते आणि सगळे तिथे हात वर करून फोटो काढतात. पण तूरची खरी फिनिश थोडी पुढे आहे. सवयीच्या लोकांना माहीत असतं, नवखे अलीकडेच थांबतात. बायको अर्थातच खऱ्या फिनिशजवळच्या कॅफेत बसली होती. तिच्यापुढे ऑरेंज ज्यूसचा रिकामा ग्लास.

‘किती लागले?’ तिनं विचारलं.

‘एक तास बावन्न मिनिटं. अकरा मिनिटं धरून. तुला?’

‘कोणाला माहीत?’

(फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यातल्या वेळा नंतर जुळवून बघितल्या. थांबली नसती तर दीड तासाच्या आत आली असती.)

बाबांना फोन लावला. पुण्यात दुपारचा एक वाजून गेला होता, जेवण आटोपून ते आडवे व्हायच्या बेतात असणार.

‘पोचलो बाबा. वर आलोय.’

‘अरे वा. दमलास?’

‘थोडा.’

‘सकाळची गोळी घेतली होतीस?’

‘हो.’

जरा वेळ काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, लाइन गेली.

‘सायकलला कुलूप लावलंस का?’

मी वळून बघितलं. दोन्ही सायकली कॅफेच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. कुलूप खाली, हॉटेलच्या खोलीत राहिलं होतं.

‘हो बाबा,’ मी म्हणालो, ‘लावलंय.’