कोईचे पिल्लू तळाशी गेले म्हणजे आजारी नव्हे

भंडारा हा तलावांचा जिल्हा. मृगळ आणि सायप्रिनस तळाचा चिखल उकरून खातात, हे येथे ढिवरांच्या पोरांनाही ठाऊक. गिऱ्हाईक मात्र दुकानातील कोईचे पिल्लू तळाशी दिसले की आजारी समजून परत फिरते.

कोई ही सायप्रिनसचीच रंगीत जात. जपानच्या निगाता भागात १९व्या शतकात जोपासलेली. तोंडाजवळच्या चार मिशांनी चाचपायचे, वाळू तोंडात घ्यायची, अन्न ठेवून ती थुंकायची, हा तिचा स्वभावच. डोके खाली, शेपटी वर आणि सतत हालचाल असेल तर पिल्लू धडधाकट समजावे. पंख मिटून कोपऱ्यात निपचित पडलेले किंवा खड्यांना अंग घासणारे मात्र लगेच वेगळे काढावे.

दुकानदाराचा खरा शत्रू म्हणजे जादा खाणे. तळाशी उरलेले सडते, अमोनिया वाढतो, कल्ले खराब होतात आणि दोन दिवसांत टाकीभर माल, म्हणजे गुंतवलेले भांडवलच, हातचे जाते. पाच मिनिटांत संपेल एवढेच टाकावे. उरलेले नळीने ओढून काढावे व तेवढेच, नळाचे असल्यास दिवसभर उघडे ठेवलेले, पाणी भरावे. पहाटे सारी पिल्ले वर येऊन तोंड उघडू लागली तर हवेचा पंप तपासावा. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत खाणे कमी करावे. नवा माल निदान दोन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा, आणि त्या टाकीची जाळीही वेगळीच असावी.