रिकाम्या हौद्याचा ट्रक

जुन्या मोटारींचं कौतुक आपल्याकडं भरपूर होतं. त्यांच्या रॅली निघतात, टोप्या-कोट घालून मंडळी बसतात, वर्तमानपत्रात फोटो येतात. आज आम्ही बोलणार आहोत ते मालट्रकविषयी. भंगाराच्या वाटेवर असलेला दहा-बारा टनी ट्रक विकत घ्यायचा, दोन-तीन वर्षं खपून तो पुन्हा चालता करायचा, आणि त्यातून एक पोतंही वाहायचं नाही, अशी ही हौस. हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "भाडं किती सुटतं?" सुटत काही नाही. जातंच.

कोणते ट्रक, ते आधी सांगतो. जमशेदपूरच्या टेल्कोनं १९५४ साली डायमलर-बेंझशी करार केला आणि टाटा-मर्सिडीज ट्रक रस्त्यावर आला. पुढं बोनेटचं गोल नाक, त्यावर तीन टोकांचा तारा. १९६९ मध्ये करार संपला, तारा गेला आणि त्या जागी टाटांचा 'टी' आला. त्यामुळं जाळीवरचं चिन्ह बघून ट्रकचा काळ ढोबळमानानं सांगता येतो. अर्थात, नंतर हौसेनं तारा बसवून घेतलेलेही कमी नाहीत. मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कारखान्यात डॉज आणि फार्गो बनत. मद्रासकडून लेलँडचा कॉमेट यायचा. लष्कराचा शक्तिमान जबलपूरचा, मूळ जर्मन मान कंपनीचा. टाटांच्या आकड्यांचंही एक गणित आहे. १२१० म्हणजे भरल्या गाडीचं एकूण वजन बारा टन आणि साधारण शंभर अश्वशक्ती. १६१२ म्हणजे सोळा टन आणि एकशेवीस. ४०७ चा अर्थ तुम्हीच लावा.

आता खरा मुद्दा. मोटार रिस्टोअर करणाऱ्याचं ध्येय स्पष्ट असतं, कारखान्यातून निघाली तशी करायची. ट्रकला हे लागू पडत नाही, कारण तो कारखान्यातून पूर्ण निघतच नसे. कंपनी विकायची चेसिस, इंजिन, गिअरबॉक्स, बोनेट आणि पुढचा थोडा पत्रा. ड्रायव्हर त्या उघड्या सांगाड्यावर बसून, तोंडाला फडकं बांधून गाडी बॉडीवाल्याकडं न्यायचा. मग सुतार लाकडी कॅबिन उभी करायचा, लोहार हौद्याचे अँगल आणि फाळक्याच्या कड्या ठोकायचा, शेवटी पेंटर यायचा. म्हणजे डोळ्यांना जो 'ट्रक' दिसतो, त्यातला निम्माअधिक कंपनीनं बनवलेलाच नाही. तो गावोगावच्या कारागिरांनी बनवला, आणि त्यांनी नकाशे ठेवले नाहीत. जुना टाटा-मर्सिडीज कंपनीच्या पुस्तकाप्रमाणं चकचकीत केला, तर असा ट्रक तयार होतो जो कधी अस्तित्वातच नव्हता. आमच्या मते ही या छंदातली सर्वांत मोठी अडचण आहे, आणि गंमतही तिथंच आहे.

पण त्याआधी कागद. इथं भलेभले अडकतात.

२०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी सोय झाली. पन्नास वर्षांहून जुनं वाहन, मूळ रूपात जपलेलं, व्यापारी वापर नाही, तर 'व्हीए' अक्षरांची खास नंबरप्लेट मिळते. नवी नोंदणी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरण पाच हजार. चांगलीच गोष्ट आहे. फक्त ही सोय दुचाकींना आणि माणसं नेणाऱ्या खाजगी चारचाकींना आहे. मालवाहू गाडी त्यात बसत नाही. साठ वर्षांचा ट्रक तुम्ही कितीही जपा, कायद्यासमोर तो मालट्रकच. त्याला दरवर्षी पासिंग लागणार, आणि पंधरा वर्षांवरच्या जड गाडीची पासिंगची फी एप्रिल २०२२ मध्ये साडेबारा हजारांवर गेली होती. शिवाय चालवणाऱ्याकडं जड वाहनाचं लायसन्स हवं.

ब्रिटनमध्ये लंडन ते ब्रायटन अशी जुन्या लॉऱ्या-बसची फेरी १९६२ पासून निघते. तिथला एक छोटासा नियम आम्हाला फार आवडतो. १९६० पूर्वीची जड मालगाडी माल न भरता चालवली, तर तिला वार्षिक तपासणीतून सूट आहे. रिकामा ट्रक ही वेगळी चीज आहे, हे तिथल्या कायद्याला ठाऊक आहे. आपल्या नियमांत ट्रक एकतर धंद्यावर असतो नाहीतर भंगारात. मधली जागाच नाही. तपासणीच नको असं आमचं म्हणणं नाही. ब्रेक न लागणारा चार टनांचा सांगाडा रस्त्यावर नकोच, मग तो कितीही ऐतिहासिक असो. पण वर्षात दोन-चारशे किलोमीटर रिकामा फिरणाऱ्या गाडीला ऊस वाहणाऱ्या गाडीच्याच रांगेत उभं करणं, हे काही बरोबर वाटत नाही.

त्यामुळं गाडी बघायला जाताना आधी आरसी बुक बघा. बुकातला चेसिस नंबर आणि चेसिसवर ठोकलेला नंबर तारेच्या ब्रशनं घासून, खडूनं उठवून पडताळा. बँकेचा बोजा उतरलाय का, कर कुठपर्यंत भरलाय, मालक हयात आहेत की वारसांच्या सह्या लागतील, हे सगळं व्यवहाराआधी. नोंदणी एकदा रद्द झालेला ट्रक रस्त्यावर आणायचा विचार सोडून द्या. तो खाजगी जागेत ठेवायचा, प्रदर्शनाला ट्रेलरवरून न्यायचा. जागा हाही प्रश्न आहेच. सोसायटीच्या पार्किंगमध्ये शक्तिमान लावून बघा, सेक्रेटरी काय म्हणतात ते! शेत किंवा शेड असलेला मित्र हे या छंदाचं पहिलं अवजार.

किंमतीत तुमची स्पर्धा दुसऱ्या हौशी माणसाशी नसते, भंगारवाल्याशी असते. तो किलोवर हिशोब करतो. बारा टनी ट्रक रिकामा चार-एक टन भरतो, आणि लोखंडाचा भाव वर गेला की आणखी एक मेंढरू खाटकाकडं जातं. त्यातच १ एप्रिल २०२३ पासून सरकारी आणि महामंडळांच्या पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी पुढं वाढत नाही; त्या नोंदणीकृत केंद्रावर मोडीतच काढाव्या लागतात. लष्करी आणि बंदोबस्ताच्या खास गाड्यांना त्यातून वगळलंय. प्रदूषणाच्या बाजूनं या धोरणाला अर्थ आहे. मात्र सरकारी लिलावात एखादा जुना डॉज किंवा बोनेटवाला टाटा सापडण्याचा रस्ता जवळपास बंद झाला, हेही खरं.

आता यंत्राकडं येऊ. दहा वर्षं उभ्या गाडीचं इंजिन बहुतेक वेळा जाम असतं. पिस्टनच्या रिंगा गंजून लायनरला चिकटलेल्या असतात. अशा वेळी नवी बॅटरी लावून सेल्फ मारायचा नाही, रिंगा तुटतात. सगळे नोझल काढायचे, भोकांतून डिझेल आणि ऑइल मिसळून सोडायचं आणि आठवडाभर विसरून जायचं. मग क्रँकच्या पुलीला लांब पाना लावून हातानं हलवायचं, थोडं पुढं, थोडं मागं. पूर्ण एक फेरा मोकळा फिरेपर्यंत जोर करायचा नाही. नंतर टाकी उतरवून धुवायची, फिल्टर बदलायचे, पंप कॅलिब्रेशनला द्यायचा, लाइनमधली हवा काढायची.

पहिल्यांदा सुरू करताना एक फळी हाताशी ठेवा, इनटेकच्या तोंडावर पक्की बसेल अशी. जुन्या पंपाचा रॅक अडकला तर डिझेल इंजिन चावी फिरवून बंद होत नाही, वेग घेतच सुटतं. हवा तोडली की थांबतं. तळहात लावायचा नाही, फळीच.

दुसरी सूचना टायरची, आणि ही आम्ही प्रत्येक ठिकाणी दोनदा सांगतो. या ट्रकची ९.००-२० ची रिम एकसंध नसते. टायर बसवल्यावर बाहेरून लोखंडी रिंग खोबणीत अडकवतात. गंजलेली रिंग नीट बसली नाही, तर शंभर पौंडांच्या आसपास हवा भरताना ती तोफगोळ्यासारखी सुटते. माणसं मेली आहेत यात. चाक उतरवण्यापूर्वी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडा. भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवा, पाइप लांब घ्या, रिंगेसमोर उभं राहू नका. पुन्हा सांगतो, समोर उभं राहू नका. आणि जुने ब्रेकलायनर ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. ड्रममधली धूळ हवेच्या प्रेशरनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा.

पाटे, किंगपिन, बुश यांचं काम गावातला कुठलाही चांगला मिस्त्री करून देतो. चेसिसला मात्र पाट्यांच्या हँगरजवळ आणि रिव्हेटांभोवती तडे आहेत का, ते उजेडात नीट बघून घ्या.

मग रंग. इथं घाई नको. बहुतेक लोक सँडरनं सगळा पत्रा उघडा करतात आणि दोन दिवसांत पन्नास वर्षं उडवतात. आम्ही आधी दाराच्या कडेला रुपयाएवढी जागा निवडतो आणि पाण्याच्या पॉलिश पेपरनं हळूहळू घासतो. मध्यभागी जास्त, कडेला कमी. झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसायला लागतात. वरचा नारिंगी, त्याखाली पिवळा, खाली करडा, तळाला लाल प्रायमर. प्रत्येक वर्तुळ म्हणजे साधारण एक मालक. फाळक्यावर असं घासताना कधी पिवळ्याखाली अक्षरं लागतात, एखाद्या ट्रान्सपोर्टचं नाव, गावाचं नाव. तिथं हात थांबवायचा.

कारण आता निवडायची वेळ येते. कंपनीचा ट्रक करायचा, पहिल्या मालकाचा की शेवटच्या? नियम नाही. आमचा कल असा, की कॅबिनचं लाकूड तग धरून असेल तर रंग जसा आहे तसा ठेवावा, धुवून वर मेणाचा हात द्यावा. लाकूड कुजलं असेल तर नवी कॅबिन जुन्या सुताराकडूनच करून घ्यावी; आणि मोडण्यापूर्वी प्रत्येक सांधा मोजून, फोटो काढून ठेवावा, कारण तोच एकमेव नकाशा आहे. फायबरची कॅबिन स्वस्त पडते, पण ती बसवायची असेल तर नवाच ट्रक घ्या की!

शेवटचं एक काम गॅरेजबाहेरचं. आरसी बुकावरच्या जुन्या मालकांच्या गावी जा. ज्यांनी हा ट्रक चालवला ते ड्रायव्हर आज सत्तरी-ऐंशीचे असतील. डबल क्लच कसा मारायचा, कुठल्या घाटात पाणी ओतायला थांबायचे, डॅशबोर्डवर कोणता देव होता, टपावर काय बांधलेलं असे, हे त्यांनाच माहीत आहे. आमच्याकडच्या एका फाळक्यावरचं अर्धं पुसलेलं नाव अशाच एका आजोबांनी बोट फिरवून वाचून दाखवलं. ते नाव त्यांच्या शेटजींच्या मुलीचं निघालं.

चला, प्रश्न घेऊ या. भाड्याचा सोडून.