गोगलगाय आणि सोंडेत भाला

पोट्टेहो, समुद्र आपल्या नागपूरहून शेकडो किलोमीटर लांब. पण गोगलगायी इथल्या फार जुन्या रहिवासी. ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे, त्या हिस्लॉप साहेबांना 1850 च्या दशकात आपल्या टाकळीलाच दगडात दडलेले गोड्या पाण्यातले शंख सापडले. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे! त्या बिचाऱ्या साध्या गोगलगायी. समुद्रातली त्यांची चुलतबहीण मात्र भलतीच निघाली. गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात ना, हिच्या तर सोंडेत भाला!

हिचं नाव कोनस. शंख शंकूसारखा निमुळता, वर तपकिरी-पांढरी नक्षी अशी, की उचलायचा मोह व्हावाच. दिवसा वाळूत दडून राहायचं, रात्री शिकारीला निघायचं. आता सांगा, जिला धड घाईत सरकता येत नाही, ती माशाला गाठणार कशी? पाठलाग करतच नाही ती. वासावरून माग काढते आणि लांब सोंड हळूच पुढे करते. सोंडेच्या टोकाशी एकच दात असतो, सुईसारखा पोकळ, टोकाला उलटे काटे. तो सपकन माशात रुततो, त्यातून विष आत जातं आणि मासा क्षणात लुळा पडतो. मग गिळायचा सावकाश. दात एकदाच वापरायचा. पुढच्या शिकारीला पिशवीतला नवा.

कोनस जिओग्राफस ही जात याहून बेरकी. ती जाळ्यासारखं तोंड पसरते आणि पाण्यात चक्क इन्सुलिन सोडते! तेही माशांच्या इन्सुलिनशी मिळतंजुळतं. माशांची साखर उतरते, त्यांना गुंगी येते, आणि ते आयतेच तोंडात. हे उघड झालं 2015 साली.

पण कोनसांच्या विषानं औषधही दिलं. फिलिपिन्सचे बाल्डोमेरो ऑलिव्हेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषाचे घटक एकेक करून वेगळे केले. कोनस मॅगसच्या विषातल्या एका घटकापासून झिकोनोटाइड तयार झालं. 2004 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. असह्य वेदनेचा निरोप ते मज्जारज्जूतच अडवतं, आणि ते अफूच्या जातीचं नाही. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या के. एस. कृष्णन यांनीही भारतीय कोनसांच्या विषावर काम केलं.

तर पोट्टेहो, अंदमान-लक्षद्वीपला गेलात तर असला शंख दिसू शकेल. तो लांबूनच बघा, हात लावू नका. जिओग्राफसच्या दंशानं माणसं दगावली आहेत, आणि त्यावर उतारा अजून कुणाकडेच नाही.